वसवलेली आणि वसलेली : गिरणगावच्या वास्तूचा इतिहास

चेन्नईच्या पश्चिमेला, अरक्कोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आवडी नावाचे नगर आहे. नाव मराठी कानाला आपले वाटावे असे. पण ते तमिळ आहे आणि आपल्या संतांच्या ‘आवडी’शी त्याचा काही संबंध नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्करी तळ होता. स्वतंत्र भारताच्या इतिहासात हे नाव ठळकपणे आले ते जानेवारी १९५५ मध्ये. उच्छंगराय ढेबर यांच्या अध्यक्षतेखाली येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाने समाजवादी धर्तीची समाजरचना हे आपले ध्येय म्हणून स्वीकारले. पुढे १९६१ मध्ये याच परिसरात रणगाडे तयार करणाऱ्या सरकारी कारखान्याची उभारणी सुरू झाली आणि १९६५ मध्ये ‘विजयंत’ हा पहिला रणगाडा तेथून बाहेर पडला. कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही आली. सरकारी कारखान्यांच्या वसाहतींचा साचा आपल्या परिचयाचा आहे : आधी आराखडा, मग आखलेले रस्ते, हुद्द्याप्रमाणे लहानमोठी निवासस्थाने, शाळा, दवाखाना, मैदान. कामगार तेथे राहायला येतो तेव्हा त्याचे घर, घराचा क्रमांक आणि घराचा दर्जा ही तिन्ही आधीच ठरलेली असतात. अशी वस्ती वसवलेली असते.

मराठी वाचकाच्या मनात ‘कामगारवस्ती’ या शब्दाने जे चित्र उभे राहते ते याच्या अगदी उलट आहे. ते चित्र मुंबईच्या गिरणगावाचे. ताडदेव, भायखळा आणि चिंचपोकळीपासून लालबाग, परळ, वरळी, नायगाव, शिवडीपर्यंत पसरलेल्या या भागाला आरंभी कोणताही आराखडा नव्हता. गिरण्या आल्या, माणसे आली आणि माणसांनी जागा मिळेल तेथे बिऱ्हाड केले. ही वसलेली वस्ती. ‘वास्तू’ आणि ‘वस्ती’ हे दोन्ही शब्द ‘वस्’ या एकाच धातूपासून आलेले आहेत, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. वास्तू बांधली की वस्ती होते असे नियोजनकार मानतो. गिरणगावचा इतिहास मात्र वास्तूला वस्ती करण्याचे काम राहणाऱ्यालाच करावे लागते, असे सांगतो. प्रस्तुत लेखात या इतिहासाकडे याच दृष्टीने पाहावयाचे आहे. कारण आज ती वस्ती पुन्हा एकदा वसवली जात आहे.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. ताडदेव येथील या गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाच्या व्यापाराने मुंबईत अमाप पैसा आणला. ती तेजी कोसळली तरी गिरण्यांची वाढ थांबली नाही. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच शहरातील गिरण्यांची संख्या सत्तरच्या वर गेली होती. त्या वेळी परळ हा शहराबाहेरचा, वाड्याबागांचा भाग होता. मुंबईच्या गव्हर्नराचा बंगलाही तेथेच होता. गिरण्यांचा धूर आणि दाट वस्ती जवळ येऊ लागली तसे गव्हर्नर मलबार हिलच्या टोकाला राहावयास गेले. त्यांच्या रिकाम्या बंगल्यात १८९९ मध्ये प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली. तीच आजची हाफकिन संस्था होय. राजप्रासादाचे रोगनिवारणगृहात झालेले हे रूपांतर परळच्या बदललेल्या स्वभावाची साक्ष म्हणून पुरेसे आहे.

गिरणीची वास्तू ही यंत्राच्या गरजेतून घडलेली वास्तू होती. सूतकताईचे विभाग बहुधा अनेक मजली, लोखंडी खांबांवर तोललेले. विणकामाचा साचेखाता मात्र एकमजली आणि पसरट असे. त्याचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे, आणि दात्यांची काचेची बाजू उत्तरेकडे, म्हणजे प्रकाश भरपूर मिळावा पण सूर्याचे ऊन थेट साच्यावर येऊ नये. वाफेच्या यंत्रासाठी पाण्याचा तलाव आणि उंच चिमणी. भोवती दगडी भिंत, भिंतीला एक दरवाजा. या वास्तूत प्रकाश, हवा आणि दमटपणा यांचा बारकाईने विचार केलेला दिसतो. कारण धागा तुटता कामा नये. ज्या हातांना तो तुटलेला धागा जोडावयाचा होता, त्यांच्या निवाऱ्याबाबत असा विचार करण्याची गरज फार थोड्या मालकांना वाटली. काही गिरण्यांनी चाळी बांधल्या, पण बहुसंख्य कामगार राहिले ते खाजगी घरमालकांच्या चाळींत. भोंगा वाजल्यावर चालत गिरणीत पोचता आले पाहिजे, ही त्या काळातील एकमेव नगररचना होती.

चाळ म्हणजे ओळीने लावलेल्या खोल्या. लाकडी सांगाडा, त्यात विटांची भिंत, वर मंगळुरी कौले, समोरून जाणारी सामाईक गॅलरी, एका टोकाला किंवा मध्यावर जिना, दुसऱ्या टोकाला संडास आणि नळ. खोली दहा बाय दहा किंवा दहा बाय बाराची. तिच्या एका कोपऱ्यात मोरी आणि वर जमल्यास पोटमाळा. रत्नागिरी जिल्ह्यातून, साताऱ्याकडून, घाटावरच्या दुष्काळी तालुक्यांतून आलेले पुरुष प्रथम एकटेच येत. एका गावचे लोक मिळून खोली घेत. तिला गावकीची खोली म्हणत. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर अंग टाकी. या व्यवस्थेत ‘घर’ ही कल्पनाच बसत नव्हती. घर गावाला होते. मुंबईत होती ती जागा. आजही जुना मुंबईकर ‘माझे घर लालबागला आहे’ असे न म्हणता ‘माझी जागा लालबागला आहे’ असे म्हणतो, हा भाषेने जपलेला इतिहास आहे. ‘गिरणगाव’ या नावाचेही तसेच. एवढ्या मोठ्या औद्योगिक नगरीच्या पोटातील भागाला लोकांनी नाव दिले ते गावाचे.

खोलीत जे मावत नव्हते ते बाहेर आले. झोप गॅलरीत आली, मुलांचा अभ्यास रस्त्याच्या दिव्याखाली गेला, भजन चौकात, व्यायाम तालमीत आणि राजकारण नाक्यावर. जेवणसुद्धा बाहेरच होते. एकेक बाई आपल्या खोलीत वीस-पंचवीस जणांचा स्वयंपाक करी आणि पगाराच्या दिवशी तिचा हिशेब होई. या खाणावळवालीला सगळे मावशी म्हणत. नवऱ्याची नोकरी गेली किंवा संप लांबला तरी मावशीच्या चुलीवर उधारीने जेवण मिळे. गिरणगावातील प्रत्येक दीर्घ संपामागे अशा असंख्य चुली होत्या. संपाच्या इतिहासात त्यांची नोंद अगदी अलीकडे होऊ लागली. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना बँकेच्या कर्जापर्यंत नेले, तेव्हा त्यांच्या श्रमाला प्रथमच संस्थेचे रूप आले. दहा बाय बाराची खोली ही एकाच वेळी शयनगृह, स्वयंपाकघर आणि उद्योगशाळा होती, हे त्यातून कागदावर सिद्ध झाले.

गॅलरी आणि चौक यांनी मिळून एक नाट्यगृहही तयार होत होते. चौकात कार्यक्रम उभा राहिला की तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या आपोआप प्रेक्षागृह बनत. कोकणातून आलेले दशावतार आणि नमन, घाटावरून आलेला तमाशा, शाहिरांचे पोवाडे यांना येथे प्रेक्षक शोधावा लागला नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या लाल बावटा कलापथकाला जो श्रोता मिळाला, तो या चौकांनी आणि मैदानांनी घडवलेला श्रोता होता. सोशल सर्व्हिस लीगने १९२२ मध्ये परळला दामोदर ठाकरसी यांच्या नावाचे सभागृह उभारले, त्यालाही हाच समाज लाभला. वस्ती आणि बाजार यांचे नातेही असेच घट्ट होते. लालबागमधील पेरू चाळीचा बाजार १९३२ मध्ये बंद झाला, तेव्हा उघड्यावर बसणाऱ्या कोळी व्यापाऱ्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला आणि जागा मिळाल्यावर १९३४ मध्ये तेथे गणपती बसवला. आज देशभर प्रसिद्ध असलेल्या या उत्सवाच्या मुळाशी बाजाराच्या जागेचा, म्हणजे वास्तूचाच प्रश्न होता.

संघटनेच्या इतिहासातही हे दिसते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारली आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली. टिळकांना १९०८ च्या जुलैमध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. गिरणीच्या आत जॉबरची सत्ता होती, तेथे सभा घेणे शक्य नव्हते. सभा झाली ती दरवाजावर, नाक्यावर, चाळीच्या चौकात. मालकाच्या भिंतीबाहेरचा प्रत्येक मोकळा तुकडा कामगाराने आपला केला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गिरणगाव जे एका हाकेसरशी रस्त्यावर येत होते, त्याचे कारण केवळ भावनेत शोधून चालणार नाही. जी माणसे आधीच गॅलरीत उभी असतात, त्यांना रस्त्यावर यायला वेळ लागत नाही.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजू सांगणे हे समीक्षकाचे कर्तव्य ठरते. गॅलरी सामाईक होती, पण सर्वांना सारखी नव्हती. गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, त्यामुळे विटाळ होतो, असे त्याचे कारण दिले जाई. म्हणजे जास्त मजुरीचे खाते जातीने बंद होते. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे परखडपणे मांडला. स्वतः आंबेडकरांचे विद्यार्थिदशेतील आयुष्य लोअर परळच्या चाळीत एका खोलीत गेले. खोलीत सगळ्यांना एकाच वेळी जागे राहता येत नसल्यामुळे त्यांनी आधी झोपावे आणि मध्यरात्रीनंतर वडिलांनी उठवून अभ्यासाला बसवावे, अशी व्यवस्था होती. पुढे ते परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत अनेक वर्षे राहिले. बहिष्कृत हितकारिणी सभेचा आरंभ १९२४ मध्ये जवळच्याच दामोदर हॉलमधील सभेतून झाला. १९३०च्या दशकात त्यांनी दादरला ‘राजगृह’ बांधले ते प्रामुख्याने ग्रंथांसाठी. चाळीने माणसाला समाज दिला, एकांत दिला नाही, ही उणीव ज्याला ग्रंथ लिहावयाचे होते त्याने सर्वांत तीव्रतेने जाणली असावी.

इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या उल्लेखाने आपण या वस्तीच्या दुसऱ्या पर्वाकडे येतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. कामगार गावाकडे पळाले, गिरण्या ओस पडल्या, आणि कोंदट खोल्यांचा प्रश्न मालकांच्या नफ्याला येऊन भिडला. त्यानंतर १८९८ मध्ये ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने रुंद रस्ते काढले आणि काही चाळीही बांधल्या. पण मोठा प्रयत्न झाला तो १९२० मध्ये, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या खात्याने कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला आणि त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गासडीवर कर बसवला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक इमारत तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. याच त्या बीडीडी चाळी.

स्थापत्याच्या दृष्टीने या इमारती जुन्या चाळीहून वेगळ्या होत्या. लाकडाच्या जागी काँक्रीट आले. समोरची गॅलरी गेली आणि दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधून जाणारा अंधारा मधला बोळ आला. आराखडा करणाऱ्याने खोल्या मोजल्या होत्या. गॅलरीत काय घडते ते त्याला मोजता आले नव्हते. परिणाम असा झाला की घरांची एवढी टंचाई असताना या चाळींतील पुष्कळ खोल्या प्रारंभी रिकाम्या राहिल्या. भाडे परवडेना, हवा खेळेना, बाजार दूर. १९३०च्या सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही इमारतींचा सरकारने तात्पुरता तुरुंग केला. कामगारांसाठी बांधलेले घर बदल न करता तुरुंग म्हणून वापरता येते, ही गोष्ट त्या रचनेवरील बोलके भाष्य आहे.

तथापि इतिहास तेथे थांबला नाही. पुढच्या दोन पिढ्यांनी या वसवलेल्या इमारतींना वसलेल्या वस्तीचे रूप दिले. बोळात गॅलरी नव्हती म्हणून इमारतींच्या मधली मोकळी जागा चौक बनली. तेथे व्यायामशाळा आल्या, बुद्धविहार आले, गणपतीचे मांडव आले. वरळीचे जांबोरी मैदान सभांचे आणि खेळांचे केंद्र झाले. खोल्यांची दारे दिवसभर उघडी राहू लागली, आणि त्यामुळे अंधारा बोळ हाच वीस घरांचा सामाईक ओटा झाला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने शहरभरची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, त्यामुळे कामगाराला खाजगी चाळीतून हलवणे अवघड झाले. त्याच कायद्यामुळे घरमालकाने दुरुस्तीचा हात आखडता घेतला आणि १९६९ मध्ये इमारत दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ नेमावे लागले. वस्ती टिकली पण वास्तू जीर्ण झाली, ती अशी.

या वस्तीतही भिंती होत्या. बीडीडी चाळींत कोणत्या क्रमांकाची इमारत कोणत्या समाजाची, हे सर्वांना ठाऊक असे. जानेवारी १९७४ मध्ये वरळीत दलित पँथरची सभा उधळली गेली आणि दंगल पेटली. त्यानंतरच्या मोर्चावर इमारतीवरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव या तरुणाचा बळी घेतला. उत्सवाच्या दिवशी प्रेक्षागृह होणारी उंची दंगलीच्या दिवशी हल्ल्याची जागा होते, हे विसरून चाळीचे गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मराठी साहित्याने या वस्तीचे जे चित्रण केले त्यात जागेचा एक अर्थपूर्ण क्रम दिसतो. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’पासून गिरणी हा कादंबरीचा विषय झाला. नारायण सुर्वे यांनी १९६६ मधील आपल्या संग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ असे नाव दिले. हे विद्यापीठ म्हणजे रस्ता, फुटपाथ, कारखाना आणि सभा. भाऊ पाध्ये यांच्या १९६५ मधील कादंबरीचे तर नावच ‘वासूनाका’ आहे. ती गिरणीची कादंबरी नव्हे, पण चाळीबाहेरचा नाका हीच ज्यांची जागा, अशा तरुणांची निश्चित आहे. या साऱ्या लेखनाची भूमी खोलीच्या बाहेर आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो कधी रीतसर संपला नाही, विरत गेला. त्यानंतरच्या काळातील जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे १९९७ मधील नाटक पाहा. ते घडते गिरणी कामगाराच्या खोलीत. बाप गेलेला, मुले बेकार किंवा भरकटलेली, आई चूल सांभाळणारी. आणि बाहेरचे जग दारातून आत येते ते बहुधा वाईट बातमी होऊन. जी माणसे खोलीबाहेर जगत होती ती पुन्हा खोलीत कोंडली गेली, हा संपाचा परिणाम आकडेवारीपेक्षा या नाटकाच्या नेपथ्याने अधिक नेमका सांगितला, असे माझे मत आहे. पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या शीर्षकातील फिनिक्स ही लोअर परळची एक गिरणी होती आणि आता तेथे आलिशान बाजारसंकुल आहे, हे मुंबईबाहेरच्या वाचकांना मुद्दाम सांगावे लागले असेल.

संपानंतरचा प्रश्न कापडाचा राहिला नाही, जमिनीचा झाला. गिरण्यांच्या ताब्यात सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने तिचे तीन वाटे ठरवले : एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी, एक मालकासाठी. चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९६ मध्ये सरकारी मालकीच्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार मांडला. परंतु २००१ मध्ये नियम बदलला आणि हे वाटे फक्त गिरणीच्या आवारातील मोकळ्या जमिनीला लागू झाले. बांधकामाखालची जमीन त्यातून सुटली. गिरणीत मोकळी जमीन ती किती असणार? सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये हा बदल वैध ठरवला. शहराच्या मध्यभागी मैदाने आणि कामगारांची घरे एकत्र उभारण्याची संधी त्याबरोबर बहुतांशी गेली. काही ठिकाणी चिमणी राखली गेली. फिनिक्सची चिमणी आजही उभी आहे. तिच्याखाली धूर नाही आणि तिच्या हाकेवर चालत येणारी चाळही नाही. वारसा म्हणून आपण यंत्राची खूण जपली. माणसाची खूण जपावी असे आपल्याला वाटले नाही. ती खूण जपली ती ग्रंथांनी. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या रहिवाशांकडून ऐकून सिद्ध केलेला मौखिक इतिहास २००४ मध्ये इंग्रजीत आणि पुढे ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ या नावाने मराठीत आला, हे या दृष्टीने मोठे काम होय.

आता बीडीडी चाळीही जात आहेत. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील चाळींच्या पुनर्विकासाचे काम ‘म्हाडा’कडे आले. वरळीच्या कामाचा नारळ २०१७ मध्ये फुटला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली मनोऱ्यांतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट. घरात स्वतःचा संडास, स्वतःचे न्हाणीघर, दार लावून बसता येईल अशी खोली. या लाभाला कोणी कमी लेखू नये. चाळीच्या संस्कृतीवर हळहळणाऱ्या लेखात पहाटेच्या रांगेत डबा घेऊन उभ्या राहणाऱ्या स्त्रीचे मत क्वचितच विचारलेले असते. पाळीच्या दिवसांत, बाळंतपणात, आजारपणात त्या सामाईक संडासाने तिच्यावर काय लादले, ते तिलाच ठाऊक. तिने गॅलरीपेक्षा न्हाणीघर पसंत केले तर तो तिचा इतिहासाशी द्रोह ठरत नाही. तो तिने इतिहासाकडून वसूल केलेला एक जुना हप्ता असतो.

प्रश्न आहे तो यापुढचा. शंभर वर्षांपूर्वी सरकारने खोल्या मोजून चाळी वसवल्या. त्या रिकाम्या राहिल्या, तुरुंग झाल्या, आणि मग माणसांनी त्या आपल्या केल्या. आज सरकार चौरस फूट मोजून मनोरे वसवीत आहे. चाळीच्या बोळात दार उघडे ठेवणे सोपे होते, कारण आत जपण्यासारखे फार नव्हते आणि मजल्यावरचा प्रत्येक माणूस ओळखीचा होता. चाळिसाव्या मजल्यावर चौक खाली दिसत नाही आणि हाक पोचत नाही. शिवाय उद्वाहनाचा, देखभालीचा मासिक खर्च निवृत्त कामगाराच्या कुटुंबाला कायम पेलेल का, यावर त्यांचे तेथे राहणे अवलंबून आहे. घर मिळाले आणि परवडेना म्हणून विकावे लागले, तर वास्तू राहील आणि वस्ती जाईल.

आवडीच्या अधिवेशनाने ज्या समाजरचनेचे ध्येय ठेवले, तिच्यात कामगाराला चांगले घर मिळावे हे अभिप्रेतच होते. सरकारी वसाहतींनी ते बऱ्याच अंशी दिलेही. पण तेथे घर नोकरीला बांधलेले असते आणि निवृत्तीबरोबर ते सोडावे लागते. गिरणगावच्या कामगाराला वाईट घर मिळाले, पण गिरणी गेली तरी ते त्याच्याकडे राहिले. संपानंतरची चार दशके तो तेथे तगून राहिला तो त्या १६० चौरस फुटांच्या आधारावर. त्या तगून राहण्यातूनच आजचा त्याचा ५०० चौरस फुटांवरचा हक्क सिद्ध झाला आहे. हा हक्क कोणी दिलेला नाही. वसण्याने मिळालेला आहे. नव्या मनोऱ्यांत जाणाऱ्या कुटुंबांना सामाईक गॅलरी मिळणार नाही. ती कोठे काढावयाची, जिन्याच्या टप्प्यावर, वाहनतळात की गच्चीवर, हे आता त्यांनाच ठरवावे लागेल. त्यांच्या आज्यांनी बोळाचा ओटा केला होता, एवढा पूर्वानुभव त्यांच्या गाठीशी आहे.